आखाजीच्या आदल्या दिवशीची आखाजी

ब्राह्मणपुरीत उन्हाळा आधी घरांच्या सपाट धाब्यांवर येतो. खाटांवर लुगडी अंथरली जातात, लुगड्यांवर कुरडया पडतात आणि त्या राखायला एखादी म्हातारी डोक्यावर ओला पदर घेऊन बसते. तिच्यासमोर उकिडवी बसून डोळ्याला कॅमेरा लावलेली बाई दिसली, की ती रतिलाल पाटलांची सून कामिनी, हे ओळखायला जवळ जावं लागत नाही.

कामिनीला फोटो काढायला कोणी शिकवलं नाही. लग्न होऊन आली तेव्हा ती सासूच्या पाठीमागे चालायची आणि पाहायची, एवढंच. पुढे नवऱ्याचा, धीरजचा, जुना मोबाइल हाती आला आणि पाहिलेलं ठेवता येतं हे तिला कळलं. मग तिने शहाद्याच्या एका फोटोवाल्याकडून त्याचा वापरलेला कॅमेरा घेतला. केळीच्या बागेत मोटारीच्या धारेखाली न्हाणारी पोरं, शहाद्याच्या एसटी स्टँडवर दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उतरणाऱ्या लेकी, तोरणमाळच्या तळ्याकाठी भाकरीची फडकी सोडून बसलेलं सगळं खटलं, असं सगळं तिच्याकडे आहे. गावातल्या माणसाला आपली सुट्टी कशी गेली हे आठवेनासं झालं, तर तो कामिनीला विचारतो.

तिची एक खोड आहे. ती कोणाला हसायला सांगत नाही. कॅमेरा धरते, माणसं ताठ होतात, ती खटका दाबते आणि म्हणते, “व्हयना,” म्हणजे झालं. माणसं सैल पडतात, कोणी पदर सोडतं, कोणी शेजारणीला चिमटा काढतं, आणि खरा फोटो तेव्हा निघतो. ही खोड आता साऱ्या गावाला ठाऊक आहे, तरी दर वेळी गाव फसतं.

पण या कौतुकाने तिचं एक सुख हळूहळू खाल्लं होतं. अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, खानदेशातली लेक सासरी राहत नाही. भाऊ तिला न्यायला येतो. माहेरच्या निंबाला झोका बांधलेला असतो, गौराईची गाणी असतात, आमरस आणि खापरावरची पुरणपोळी असते. त्या दिवसासाठी ब्राह्मणपुरीच्या साऱ्या लेकी एकदोन दिवस अगोदर गावात येतात, आणि येण्याआधीच फोनवर विचारतात, “कामिनी वहिनी शे ना घरी?” झोक्यावरचा फोटो तिनेच काढायचा. त्यामुळे दुसऱ्यांच्या लेकींचं माहेर टिपता टिपता कामिनीची स्वतःची आखाजी कितीतरी वर्षं सासरीच होत होती. तिचं माहेर तापीपलीकडे, कोरीटला. भाऊ पितांबर दर साली यायचा, चहा प्यायचा, पोरांना मोटारसायकलवर बसवून न्यायचा आणि बहीण तेवढी इथेच राहायची.

यंदा पोरं सुट्टी लागताच मामाकडे गेली होती. तरीही आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळीच पितांबर आला. ओट्यावर बसला, पण चहाला हात लावेना.

“मायनी सांगेल शे,” तो बहिणीकडे न बघता म्हणाला, “औंदा कामिनीले लिसन ये, नहीतर तू बी येऊ नको. तिनी झोका बांधेलच नही. म्हने, बसनारी येई तव्हयच बांधसु.”

कामिनी दारात उभी होती. हातातला कॅमेरा तिने उगाच पदराने पुसला. तिच्या मनात जायचं आहे हे त्या पुसण्यावरून आंधळ्यालाही कळलं असतं.

बोलली ती अल्पना, कामिनीची नणंद. ती सुरतेहून कालच माहेरी आली होती. “वहिनी नही तर फोटो कोन काढी? आनि वहिनी आठेच ऱ्हायनी तर हाऊ बिचारा घर कसा जाई?” मग तीच म्हणाली, “आपू आजच आखाजी करी लेऊ ना. फोटोपुरती.”

ओट्याच्या कडेला गहू निवडत बसलेल्या मंगलाबाईचं सूप थांबलं. मंगलाबाई म्हणजे कामिनीची सासू. रीतभात तिच्या बोटांवर.

“आखाजी काय तुन्ह्या सोयथीन येस का वं?”

“माय, पूजा उद्याच व्हई. घागर उद्याच भरसूत. आज नुसता झोका, लुगडी आनि जेवनना फोटो.”

“जेवनना?” मंगलाबाई म्हणाली. “रस कोठून आनशी?”

आता अडचण खरी होती. आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, तिच्यावर आंबा ठेवतात, आणि पितरांना रसाचा घास दिल्याशिवाय घरातलं कोणी आंब्याला तोंड लावत नाही. आढीतले आंबे पिकून वास सुटतो, पोरं त्या खोलीभोवती घुटमळतात, पण थांबतात.

“घागर भराना पहिले आंबा कापाना? मी जित्ती शे तवलोंग नही,” मंगलाबाईने निकाल दिला.

पितांबरने गार झालेला चहा उचलला. तो आता परत जायच्या तयारीचा चहा होता. तेवढ्यात धीरज शेतातून आला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “पपई शे ना.”

“काय?”

“वावरमा पिकी पडेल शे पपई. दूध टाकीसन घोटी ल्या. फोटोले कोनी जीभ लाईसन देखस का?”

मंगलाबाईला हसू आलं. तिने ते सुपात लपवलं, पण पपईला पितरांची काही अडकाठी नव्हती. “पोई मी एकच करसू,” ती म्हणाली. “उद्यानं पुरन आज वाया जावाले नको.”

मग काय, दुपार टळायच्या आत गल्लीतल्या लेकींना निरोप गेला. ट्रंकेतली लुगडी निघाली. निंबाला दोर पडला, आणि आखाजी एक दिवस आधीच गल्लीत येऊन बसली. धीरजने पपया कापल्या, अल्पनाने गर घोटला, दूध घातलं, आणि वाट्यांत असा रस उभा राहिला की आढीतल्या आंब्यांनी लाजावं. मंगलाबाईने खापरावर एकच पोळी टाकली, रुमालासारखी पातळ. ती पोळी पंगतीत या ताटातून त्या ताटात फिरली. जिचा फोटो, तिच्या ताटात पोळी.

“मन्हा फोटो व्हताच उचलू नको वं, एक घास तर मोडू दे.”

“मोडशी तर पुढलीना फोटोमा अर्धीच पोई येई.”

कामिनी कॅमेरा धरायची, “व्हयना” म्हणायची, आणि पोळी पळवणाऱ्या हातासकट सगळ्या खिदळायच्या. झोक्यावरही तसंच. एरवी नाकासमोर चालणाऱ्या बायका दोन दोन उभ्या राहून झोका चढवत होत्या, खालच्या त्यांना सासरच्या नावाने गाण्यातून टोमणे मारत होत्या. ऊन उतरलं तोवर गल्लीतली एकही लेक फोटोवाचून राहिली नव्हती. कामिनीने कॅमेरा सासूच्या खोलीत ठेवला आणि पिशवी भरायला घेतली. पितांबरने मोटारसायकल झाडाखालून काढली.

आणि नेमका मंगलाबाईचा फोन वाजला.

झालं असं होतं की अल्पनाने कामिनीच्या कॅमेऱ्यातला पंगतीचा फोटो मोबाइलने टिपून लगेच घराच्या ग्रुपवर टाकला होता. तो नवापूरला कमलबाईने पाहिला. कमलबाई म्हणजे रतिलालआप्पांची थोरली बहीण. तिचा शब्द आप्पांनी आजवर खाली पडू दिलेला नाही. मोबाइलच्या पडद्यावर तिचं कपाळ आणि अर्धा चष्मा दिसत होता.

“काय वं मंगला, पितरंसना पहिले तुम्हीच रस खाई लिधा का?”

“बाई, तो रस नही, पपई शे.”

“माले शिकाडू नको. मन्हा डोया शाबूत शेत. हाई नवी रीत कोनी काढी?”

अल्पना भाबडेपणाने म्हणाली, “आत्या, वहिनीले माहेर जानं शे म्हनीसन…”

“मंग पितरंसले उपाशी ठीसन ती माहेर जाई का? रतिलाल कोठे शे? त्याले सांग, वहूले आज घरना बाहेर पाय टाकू देऊ नको.”

आप्पा ओट्यावरच होते. त्यांनी सुनेकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि खाली मान घातली. पितांबरने चालू केलेली मोटारसायकल बंद केली. कामिनीने पिशवी हळूच खाटेवर टेकवली. तिने वाटी उचलून फोनसमोर धरली, पण पडद्यावर ती वाटी आणखीच आंब्याची दिसत होती.

“तुन्हा फोटोवर आते इस्वास कसा ठेवाना?” कमलबाई म्हणाली.

तेव्हा मंगलाबाई उठली. पदर खोचला, मोरीजवळ गेली आणि सालपटांची पाटी उचलून आणली. पाटीच्या तळाशी पपईच्या बिया मिरीसारख्या चकाकत होत्या. त्यातल्या मूठभर तिने घेतल्या आणि फोनसमोर हात उघडला.

“देखा बाई. आंबामा काया बिया कव्हयपाशीन ऱ्हातस?”

पलीकडे चष्मा जवळ आला. मग लांब गेला.

“रतु,” कमलबाई म्हणाली. आवाज बदलला होता. “माले वाटनं, मन्हाबिगर खाई लिधा.”

आप्पा फोनजवळ सरकले. “तुन्हाबिगर कसा खासूत, बाई?”

“मंग तू लेवाले का उना नही? दर सालले येस. औंदा फोन करी दिधा, ऊन गह्यरं शे, नको येऊ. माहेर जावाले ऊन लागस का रे?”

आप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, परत घातली.

“आते ती पोरले जाऊ दे,” कमलबाई म्हणाली. “तिन्हा भाऊ तरी दारमा उभा शे.”

कामिनी सासूच्या पाया पडायला वाकली, तर मंगलाबाईने तिला अर्ध्यातच उभं केलं. “जाय, अंधार पडाना पहिले तापी वलांड.” मोटारसायकल वळणावर दिसेनाशी झाली, तोवर आप्पा आत जाऊन धुतलेलं धोतर नेसून आले होते. धीरजला म्हणाले, “गाडी काढ. नवापूर जानं शे.” कमलबाईने माहेरी जायचं बोचकं बांधूनच ठेवलं होतं, हे धीरजने परत आल्यावर सगळ्यांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खरी आखाजी आली. ब्राह्मणपुरीत घागर भरली, तिच्यावर आंबा ठेवला, पितरांचा घास आगीत पडला, आणि कमलबाईने भावाच्या ताटाशेजारी बसून रसाची पहिली वाटी संपवली. दुपारी ग्रुपवर फोटो आला. पितांबरने काढलेला. त्यात निंबाच्या दोन फांद्या होत्या, खूप सारं आभाळ होतं, एका कोपऱ्यात तापीचं पाणी होतं, आणि मधोमध वर चढलेल्या झोक्यावरचे दोन तळवे. बाकी कामिनी चौकटीच्या बाहेर राहिली होती.

कमलबाईने चष्मा सारखा केला. “हाऊ कसाना फोटो? पोरनं तोंडच नही. त्याले सांग, परत काढ.”

मंगलाबाईने फोन तिच्या हातातून घेतला, तळव्यांकडे जरा वेळ पाहिलं.

“तोंड दखाडाले तिले झोका थांबाडना पडी,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ द्या, बाई.”