परसातला स्विमिंग टँक

माझे सासरे गिदोन अण्णा जेवायला बसले तरी त्यांचा एक पाय चपलेत असतो. ताटातली भाकरी संपायच्या आत कुठून तरी हाक येईल आणि निघावं लागेल, अशी तयारी कायम असते. हाक मारणारं आता कोणी उरलेलं नाही. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. पण ते पायाला कोणी सांगितलेलं नाही.

अण्णा पाटकरी होते. प्रवरेच्या कालव्याला धरणातून पाणी सुटायची पाळी, म्हणजे आवर्तन आलं, की ते भरावावरून चालायला लागायचे, ते आवर्तन संपेपर्यंत. कोणाचं दार उघडायचं, कोणाचं बंद करायचं, कोणी चोरून पाट फोडला, हे सगळं बघत कोल्हारपासून खाली कितीतरी गावांपर्यंत त्यांची पायपीट चालायची. त्यांच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा पाट फुटला होता. उपासना संपून जेवणाच्या पंगती बसल्या तेवढ्यात निरोप आला आणि नवरदेव कोट घालून चिखलात गेले. माझ्या सासूबाई, हेलन आई, मांडवात एकट्याच पाहुण्यांचे सलाम घेत बसल्या. ही गोष्ट आई अजूनही हसत सांगतात. त्या हसण्यात किती हसणं आहे हे विचारायचं मला कधी धाडस झालं नाही.

मागच्या नाताळाच्या आधी करंज्या लाटता लाटता आईंच्या हातातलं लाटणं सुटलं. मी उचलून दिलं, ते पुन्हा सुटलं. डावी बाजू गेली होती. लोणीच्या दवाखान्यात बरेच दिवस काढले. बोलणं शाबूत राहिलं, हात अर्धामुर्धा परत आला, पाय मात्र आलाच नाही. त्या दिवसापासून आमच्या घरात एक माणूस खिडकीपाशी बसलेलं आणि दुसरं सारखं दारातून आत-बाहेर करणारं. मधल्यामध्ये माझं डोकं फिरायचं. अण्णा पाणी आणून द्यायचे, उशी सरळ करायचे, औषधाची बाटली या फळीवरून त्या फळीवर ठेवायचे, आणि आईंनी तोंड उघडायच्या आत बाहेर गेलेले असायचे.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने एकदा सांगितलं की कमरेएवढ्या पाण्यात अंग हलकं होतं, पाण्यात चालवून बघा. माझा नवरा नॅथन शिर्डीला एका हॉटेलात कामाला आहे. तिथे तलाव आहे. गर्दी नसलेल्या एका दुपारी परवानगी काढून आम्ही आईंना घेऊन गेलो. गाऊनवर ओढणी गुंडाळून त्या माझ्या आणि नॅथनच्या आधाराने पाण्यात उतरल्या आणि खरोखर चालल्या. थोडंसंच, पण पाय उचलून. काठावरून अण्णा आमच्या बरोबरीने येरझाऱ्या घालत होते. तेवढ्यात दर्शनाहून आलेलं एक कुटुंब पोहायला आलं आणि त्यांची मुलं टक लावून बघायला लागली. आई म्हणाल्या, मला बाहेर काढा. पुन्हा तिथे जायला त्यांनी साफ नकार दिला. कितीही समजावलं तरी त्यांचं एकच, मला बघायला काय तिकीट लावलंय का.

अण्णांच्या मनात मात्र एकच गोष्ट राहिली. ती चालली. परतीच्या वाटेवर गाडीत ते हे दोन शब्द पुटपुटत होते. दुसऱ्या दिवशी मी कपडे वाळत घालायला परसात गेले, तर अण्णा लिंबाच्या झाडापासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत चुन्याच्या रेघा मारत होते.

गावाला बोलायला विषय मिळाला. समोर प्रवरा, मागे पाट, आणि गिदोन पाटकरी घरामागे स्विमिंग टँक बांधतोय. कोणी विचारलं, हुरडा पार्टीचं रिसॉर्ट काढताय काय. कोणी आपल्या पोरांसाठी आधीच नंबर लावून ठेवला. पाटाला ओढ असते, नदीत वाळू उपसलेले खड्डे आहेत, अधू पायाचं माणूस तिथे कसं उतरणार, हे अण्णांनी कोणालाही समजावत बसण्याची तसदी घेतली नाही. खरं तर त्यांना थांबून बोलायचंच नव्हतं.

काम दिलं गोरक्षनाथला. त्याने गावात पाण्याच्या टाक्या बांधल्यात, गुरांचे हौद बांधलेत, गोबरगॅसचे खड्डे बांधलेत. माणसं उतरायची टाकी कधी बांधलेली नव्हती. त्यावर त्याचं म्हणणं, एरवी पाणी माणसाच्या आत जातं, इथे माणूस पाण्याच्या आत जाणार, बाकी सिमेंट तेच. हा विचार अण्णांना पटला. मला पटला नव्हता, पण सुनेला विचारतो कोण.

काळ्या मातीत खड्डा झाला आणि अण्णांच्या अंगात वारं शिरलं. पायऱ्या बांधून झाल्या, तर त्यांना त्या उंच वाटल्या. फोडायला लावल्या. पुन्हा बांधल्या, तर अरुंद वाटल्या. धरायचा पाईप किती उंचीवर हवा यासाठी आई जेवत असताना ते टेप घेऊन त्यांच्या कोपराचं माप घ्यायला गेले आणि आमटी सांडली. काँक्रीटवर गोरक्षनाथने ओली पोती टाकून ठेवलेली असायची, तरी अण्णा पहाटेपासून पाण्याची नळी धरून उभे. उभे म्हणजे या टोकाकडून त्या टोकाकडे. शेवटी गोरक्षनाथ कंटाळून दुसऱ्या कामावर निघून गेला आणि अण्णांनीच त्याला गाडीवर बसवून परत आणलं. आई खिडकीतून हे सगळं बघत होत्या. एकदा मला म्हणाल्या, या टाकीपायी माणूस घरी राहायला लागला, पण परसात. मी हसले. त्या हसल्या नाहीत.

पुढे टाकी झाली, भरून बघितली, कुठे थेंब गळला नाही. अण्णांना त्याच संध्याकाळी आईंना उतरवायचं होतं. पण आमच्या घरात कोणतीही नवी गोष्ट प्रार्थनेशिवाय वापरत नाहीत. मिक्सरसुद्धा पाळकसाहेबांच्या हाताखालून गेलेला आहे. आई त्या बाबतीत हलणाऱ्या नव्हत्या. आणि लग्नसराईमुळे पाळकसाहेबांना एकदम पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारची दुपार मोकळी होती.

हा मधला काळ आम्हाला भोवला. भरलेली टाकी आणि हात बांधून बसलेले अण्णा. रोज लिंबाचा पाला पडे, रोज ते जाळीने काढत. उसाच्या पेटवलेल्या पाचटाची काजळी येई, तीही काढत. एक बेडूक आला, त्याला नेऊन पाटात सोडला, तो किंवा त्याचा भाऊ पुन्हा आला. पाण्यावर हिरवट झाक यायला लागली तशी अण्णांची झोप उडाली. आणि आतून त्यांना दुसरंच काही खात होतं, ते मला दिसत होतं. ज्या माणसाने जन्मभर पाणी एका शेतात मिनिटभर जास्त थांबू दिलं नाही, त्याच्या स्वतःच्या परसात एवढं पाणी नुसतं उभं होतं. शेजारी वैरणीचं गिन्नी गवत माना टाकून होतं.

प्रार्थना दोन दिवसांवर आली आणि शुक्रवारी त्यांचा धीर सुटला. पाळकसाहेब काय हिरव्या पाण्यावर प्रार्थना करतील का, असं मला सुनावून त्यांनी मोटार लावली आणि सगळी टाकी गवतावर सोडून दिली. आवर्तन चालू होतं, विहीर काठोकाठ होती, शनिवारी ताज्या पाण्याने भरून घेऊ, असा हिशेब. टाकी घासूनपुसून लख्ख केली. शनिवारी सकाळी बटण दाबलं, तर वीज नाही. वस्तीवरची डीपी जळाली होती. अण्णांचा दिवस वायरमनच्या मागे गेला. फोन लावायचा, गाडीला किक मारायची, जायचं, परत यायचं, पुन्हा फोन. रात्रीपर्यंत काही झालं नाही. टाकी तशीच कोरडी राहिली.

रविवारी सकाळी मी भांडी घासायला मागे गेले आणि मला आधी वाटलं, आपल्यालाच चक्कर येतेय. लिंबाकडचा टाकीचा काठ वर आला होता. भोवतीच्या शहाबादी फरशीच्या वर, चांगला वीतभर. पाईप तिरपा झाला होता. तळाला आडवी चीर पडली होती आणि त्यातून पाणी वर येत होतं, शांतपणे, कसलाही आवाज न करता. मी अण्णांना हाक मारली. ते एका पायात चप्पल घालून आले.

गोरक्षनाथला बोलावलं. तो टाकीभोवती फिरला, मग लोखंड, सिमेंट आणि स्वतःचं नशीब यांना शिव्या घालत बसला. अण्णा पायऱ्या उतरून खाली गेले. ओंजळीत पाणी घेतलं, बघितलं, वास घेतला.

"तुझा काई दोष न्हाई," ते म्हणाले. "हे पाटाचं पानी हाय."

पाट चालू झाला की आमच्याकडची जमीन खालून पाणी पिऊन तट्ट होते. अशा वेळी रिकाम्या टाकीला खालचं पाणी वर ढकलतं. आवर्तन असताना हौद रिकामा करू नका, हे अण्णांनी या भागातल्या घराघरांत जाऊन सांगितलेलं आहे, कधी समजावून, कधी दमात घेऊन. आणि पाट चालू असताना त्यांनीच स्वतःची टाकी रिकामी केली. त्यांचा चेहरा मला बघवेना. मला त्यांचा राग आला होता आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम.

मग जे सुरू झालं त्याला काय म्हणावं. जेसीबीवाल्याला फोन, आजच्या आज मुरूम टाकून बुजवायचं. पाळकसाहेबांना फोन, येऊ नका. नॅथनला फोन, तू सुट्टी कशाला घेतली. चर्चला गेले नाहीत, चहा घेतला नाही. परसातून ओट्यावर, ओट्यावरून रस्त्यावर. जेसीबी दुसरीकडे अडकला होता, पाळकसाहेबांनी उपासनेत फोन बंद ठेवला होता, नॅथन निघालेला होता. कोणीच अण्णांच्या हाती लागेना.

दुपारपर्यंत टाकी आपोआप कमरेएवढी भरली. गोरक्षनाथ आत उतरून, उड्या मारून बघून आला. आतलं आणि बाहेरचं पाणी सारखं झालंय, आता पाट चालू आहे तोवर ती हलणार नाही, असं त्याचं मत पडलं. पाट बंद झाला की याच चिरेतून सगळं पाणी निघून जाईल. आणि पाट लवकरच बंद होणार होता. ते आमच्या घरात कोणाला सांगायची गरज नव्हती.

आईंनी मला हाक मारली. मला मागे घेऊन चल, म्हणाल्या. मी चाकाची खुर्ची लिंबाखाली नेली. आईंनी तिरपी टाकी नीट बघून घेतली, मग म्हणाल्या, पाळकसाहेब येतील, त्यांना येऊ दे. ते आले. वाकडी टाकी बघून जरा घुटमळले, पण प्रार्थना केली, छोटीच. सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. मी हळूच बघितलं, तर अण्णा एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होते. आमेन झालं आणि पाळकसाहेब चहाला पुढच्या दारी गेले.

"आता मला उतरवा," आई म्हणाल्या.

अण्णा नको म्हणाले. तळ फुटलाय, पाणी गढूळ आहे, आपण दुसरी बांधू, नीट बांधू. आईंनी ऐकून घेतलं. दुसरी बांधेपर्यंत मी खिडकीतच बसायचं का, एवढंच विचारलं. अण्णांनी चपला काढल्या, दोन्ही, आणि पँटसकट पाण्यात उतरले.

नॅथन आणि मी आईंना पायऱ्यांवरून खाली आणलं. ज्या पायऱ्या दोनदा फोडल्या होत्या, त्या त्यांच्या पायाला बरोबर बसल्या. अण्णांनी त्यांचे हात धरले आणि लगेच मागे मागे जायला लागले, पाय टाक, हां, पाय टाक, असं करत. आई ओढल्या जात होत्या. त्यांचा तोल गेला, मी सावरलं. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा आईंनी हात सोडवून घेतले आणि पाईपाला धरून उभ्या राहिल्या.

"तुमी तिकडं जाऊन उभे ऱ्हा."

अण्णा पलीकडच्या टोकाला गेले. पण उभं राहणं त्यांना येतं कुठे. कधी डावीकडे सरकत, कधी पाईप चाचपून बघत, कधी पायाने तळाची चीर शोधत. ते हलले की पाण्याला लाट येई आणि ती लाट आईंच्या कमरेवर आदळे. आईंनी पाऊल उचललं आणि भीतीने पुन्हा खाली टेकवलं.

"तुमी हालला की पानी हालतं," आई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आन पानी हाललं की मी पडते. लग्नापासून तुमीच चालताय. आता तुमी हालू नका. मी येते."

अण्णांनी हात खाली सोडले. पाणी हळूहळू निवलं. त्यावर लिंबाचा पाला पडत होता आणि त्यांच्या कमरेशी येऊन थांबत होता, त्यांनी तो बाजूलाही केला नाही. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना असं एका जागी बघितलेलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायलासुद्धा त्यांनी हात उचलला नाही.

आईंना खूप वेळ लागला. मध्ये त्या थांबल्या, पाईप सोडून पुन्हा धरला, एकदा मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी पुढे होणार होते, नॅथनने मला धरून ठेवलं. डावा पाय आधी ओढत येत होता, मग थोडा उचलून यायला लागला. पोचल्यावर त्यांनी अण्णांच्या खांद्यावर तो अर्धामुर्धा हात टाकला आणि दम खात म्हणाल्या, "आता काय हालायचं ते हाला."

अण्णा तरीही हलले नाहीत.