पहिल्या मधाचं बोट

कोणी काही छातीठोकपणे सांगू लागलं, की आमच्या डॉक्टर मॅडम चष्मा काढायच्या, पदराने पुसायच्या आणि विचारायच्या, "कोनं पाह्यलं? कितीक लोकाईत पाह्यलं?" समोरचा डोकं खाजवू लागला की चष्मा परत नाकावर आणि पुढचा पेशंट आत.

अमरावतीतला त्यांचा लहान मुलांचा दवाखाना तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल. मी तिथे नंबर लावायचे, वजनं करायचे, रडणाऱ्या पोरांपुढे खुळखुळा वाजवायचे. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. पण त्यांनी तपासलेली पोरं आता स्वतःची पोरं कडेवर घेऊन यायची, आणि मॅडम दोघांनाही सारख्याच रागवायच्या.

मधाशी त्यांचं नातं मोठं गमतीचं. मेळघाटात सेमाडोहला फिरायला गेलेले लोक परतताना त्यांच्यासाठी हमखास मधाची बाटली आणायचे, आणि बाटलीसोबत मधाचे गुणही ऐकवायचे.

"मॅडम, याच्यानं शुगर वाढत नाही म्हन्ते," एक आजोबा म्हणाले.

"कोन म्हन्ते? इकणारा?"

"सारेच म्हन्तेत."

"साखरच आहे ते बाबाजी. माशीनं केली म्हनून काय गोड कमी झाली?"

आजोबांनी पुढच्या वेळी पेरू आणले.

पण मधाची बाजूही त्याच घ्यायच्या. वर्षावरच्या पोराला साधा खोकला असला तर झोपताना चमचाभर मध द्यायला सांगायच्या. आया नाराज व्हायच्या. फी भरून मध? "याचं पाह्यलं आहे लोकाईनं, पोराईवर पाह्यलं आहे," मॅडम सांगायच्या. "रातचा खोकला जरासा कमी होते. जादू नाही. जरासा." भाजलेल्या जखमेवर खास शुद्ध केलेला मध उपयोगी पडतो, हेही त्या मान्य करायच्या. मात्र एका आईने घरची बाटलीच पोराच्या भाजलेल्या हातावर ओतून आणली, तेव्हा त्या अशा कडाडल्या की बाहेर बाकावर बसलेली मंडळी उगाचच सरळ होऊन बसली. नंतर तो हात धुताना पोरापेक्षा त्याच हळहळत होत्या.

मग माझ्या मुलाला मुलगा झाला. आमच्याकडे बाळाच्या जिभेवर पहिलं मधाचं बोट ज्याचं लागतं, त्याच्या वळणावर पोर जातं असं मानतात. त्यासाठी लोक गुणी माणूस शोधतात. मला शोधायची गरज नव्हती. मॅडम बाळाला बघायला घरी आल्या, मांडीवर घेतलं, आणि मी मधाची वाटी पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली.

"वर्षाच्या आत मध नाही."

"एक बोट तं लावाचं आहे, मॅडम. आमी सारे मध चाटूनच वाढलो."

"जे नाही वाढले, ते सांगाले येत नाहीत वं." मग आवाज खाली आणून त्यांनी समजावलं. मधात कधी कधी एका जंतूचं बीज असतं. मोठ्यांच्या पोटात ते रुजत नाही, तान्ह्याच्या पोटात रुजू शकतं, आणि लेकरू लुळं पडतं.

"कितीक पोराईले होते असं?" मी त्यांचाच प्रश्न त्यांना विचारला.

"लय थोड्याईले. त्या थोड्याईत याले पाठवू?"

मला फार लागलं ते. सूनही हिरमुसली. पायऱ्या उतरताना मॅडम वळून म्हणाल्या, "वर्षाचा होऊ दे. मी सोता येते बोट लावाले."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्यांचं दुखणं निघालं. नागपूरचे उपचार झाले, दवाखान्याला कुलूप लागलं, आणि त्या घरी येऊन पडून राहिल्या. किती वेळ उरला आहे हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. दहा महिन्यांच्या नातवाला घेऊन मी गेले, पर्समध्ये मधाची डबी घेऊन.

"दोन महिन्याचाच सवाल आहे मॅडम. आता लावून द्या." मी डबी उघडून पुढे धरली.

त्यांनी बाळाच्या पोटावरून हात फिरवला. "मले वाटत नसन का वं? जलमभर लोकाईच्या वाट्या परत केल्या. याच्या वाटीची मी वाट पाहून राहिली होती." मग माझ्या हातातल्या डबीचं झाकण त्यांनीच लावलं. बोटांत जोर नव्हता, झाकण नीट बसेना. "पन मले कवा मरायचं आहे, हे त्याच्या पोटाले काय ठाऊक?"

मी डबी परत पर्समध्ये ठेवली. तेवढ्यात बाळाने त्यांचं बोट धरलं आणि तोंडात घालून नव्या दातांनी चावायला सुरुवात केली. त्यांनी ते काढून घेतलं नाही. दुखत असणार, तरी हसत होत्या.

वाढदिवसाआधीच त्या गेल्या.

वाढदिवसाला बुद्धवंदना झाली, केक कापला. पाहुण्यांतलं कोणीतरी म्हणालं, आता मध चालतो, चाटवा. सुनेने वाटी आणली आणि माझ्यापुढे धरली. "आई, आता तुमीच लावा."

मी वाटी तिच्या हातात परत दिली.

"त्याले बोट लावून झालं, माय," मी म्हणाले. "मध नोता, एवढंच."