घंटेवरचा पत्रा

रोज वहीत स्वामींचं नाव लिहून झालं की खाली दिवसाच्या चार ओळी लिहायची माझी सवय आहे. आज रामहरीविषयी लिहायचं आहे, आणि चार ओळींत ते बसणार नाही.

रामहरी माझा धाकटा दीर. मंद्रूपचं शेत भावाभावांत पुरेना, म्हणून तो सोलापुरात आमच्याकडे आला आणि रेल्वेचं काम घेणाऱ्या एका ठेकेदाराच्या टोळीत लागला. हल्ली गाड्या वेगानं धावतात. रुळांवर गुरं-माणसं येऊ नयेत म्हणून कडेनं खांब रोवून त्यांच्यामध्ये निळ्या रंगीत पत्र्याचं कुंपण उभं करतात. ते पत्रे बसवणं हेच त्याचं काम. पत्रा कधी ओढत न्यायचा नाही, दोघांनी उचलूनच न्यायचा. रंग खरवडला की तिथून गंज धरतो. जेवताना तो हे सांगायचा आणि सासूबाई कीर्तन ऐकावं तसं ऐकायच्या.

आमच्या अंगणात स्वामींच्या पादुकांचा चौथरा आहे. चार खांब, वर जुनी ताडपत्री आणि मध्ये घंटा. एका गुरुवारी सासूबाई म्हणाल्या, "रुळाला नवा पत्रा लावतोस, आन् आपले स्वामी फाटक्या ताडपत्रीखाली. बरं दिसतंय व्हय रं?"

रामहरी हसला नुसता. थोड्या दिवसांनी टेम्पोतून एक निळा कोरा पत्रा आला.

"उरलेला हाय. साहेबांनी दिला," तो म्हणाला.

मी पत्र्याला हळदीकुंकू वाहिलं. पत्रा कुठूनही कापलेला नव्हता. उरलेला तुकडा असा नसतो, हे मलाही कळत होतं. पण देवाचं काम, कशाला विचारायचं? मी विचारलं नाही. रामहरीनं ताडपत्री काढून तो घंटेवर बसवला आणि सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं.

मग एका संध्याकाळी रामहरी ताटावर बसून नुसताच भाकरी मोडत राहिला.

"साइटवर एक पत्रा कमी भरलाय," तो म्हणाला.

"मग तो राखणदार धुळा काय झोपला हुता?" सासूबाई म्हणाल्या. "त्यालाच विचारा की."

रामहरीनं पाण्याचा तांब्या उचलला, हात धुतला आणि बाहेर जाऊन बसला.

पुढं जे झालं ते सासूबाईंच्या भाबडेपणानं झालं. ज्यानं देवाला पत्रा दिला त्याला महाप्रसादाला बोलवायला नको का? त्या स्वतः साइटवर गेल्या आणि सुपरवायझर सोमशेखरना अक्षत देऊन आल्या. कशाबद्दल ते तिथं सांगितलं नाही, म्हणे पंगतीतच मान करू. रामहरीला कळलं तेव्हा तो म्हणाला, "आई, कशाला गं." बास, एवढंच.

सोमशेखर मूळचे मैंदर्गीचे. घरात कानडी, बाहेर मराठी. चौथऱ्यापाशी चपला काढून आले आणि घंटा वाजवायला त्यांनी मान वर केली. पत्र्याची निळी बाजू आभाळाकडं होती. आतली बाजू पांढुरकी, आणि तिच्यावर त्यांच्याच कामाचा छापील शिक्का. घंटेचा टोल विरला तरी त्यांची मान खाली येईना.

सासूबाई टॉवेल, टोपी, नारळ घेऊन पुढं झाल्या. "साहेब, तुमी पत्रा दिला म्हणून स्वामींना सावली झाली."

सोमशेखरनी रामहरीकडं पाहिलं. तो पंगतीत हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, बादली घेऊन उभा होता.

"अज्जी, हे मला नको," ते हळू बोलले. "आज सकाळीच धुळाला घरी पाठवलो मी. चोर म्हणून."

वाढपं थांबलं. रामहरीनं बादली खाली ठेवली.

"आई, साहेबांनी न्हाय दिला. मी आणला."

"म्हंजी?"

"चोरला."

सासूबाईंनी टॉवेल परत ताटात ठेवला, त्यावर टोपी, टोपीवर नारळ. नारळ घरंगळून खाली पडला, तो कुणीच उचलला नाही.

"काढ तो," त्या म्हणाल्या.

"आरती तरी हू दे."

"आदी काढ. मग आरती."

सगळ्या पंगतीदेखत तो स्टुलावर चढला आणि एकेक स्क्रू काढू लागला. मी खाली पत्रा धरला होता. माझीही मान वर होत नव्हती. पत्रा उतरल्यावर सोमशेखरनी स्क्रूच्या भोकावरून बोट फिरवलं.

"भोकं पाडलास की. आता हे लाइनीला चालत नाही. गंज हितनंच शिरतो, तूच पोरांना शिकवतोस ना?"

रामहरीनं मुठीतले स्क्रू त्यांच्यापुढं ठेवले.

"तुझं काय करायचं ते ठेकेदार बघतील. धुळाला बोलवायला मात्र तूच जायचं. मला तोंड नाही."

आरती झाली. उन्हात, कारण ताडपत्री आधीच फेकून दिली होती. सासूबाईंनी हुग्गीचा डबा भरला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तू बी जा त्याच्यासंगं. हळदीकुंकू तूच वाह्यलंस."

धुळा दारातच बसला होता. रामहरीनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं.

"तू चा प्यायला माझ्यापाशीच बसायचास की रं," तो म्हणाला. "परवाबी बसला हुतास."

रामहरीनं डबा पुढं केला.

"स्वामींचा परसाद हाय म्हणून घेतो. उद्या येतो कामावर, साहेबांना सांग."

त्याच्या बायकोनं डबा आत नेला, हुग्गी काढून घेतली आणि डबा घासून आणून दिला. आमच्याकडं कुणी रिकामा डबा परत देत नाही. चिमूटभर साखर तरी घालतात. रामहरीनं झाकण उघडून पाहिलं, परत लावलं आणि वाटभर तो डबा दोन्ही हातांत धरून चालत राहिला.