जंक मेललाही उत्तर देणारे बाबा

मी माझ्या बापावर हात उचलला होता.

भर दुपारी, तुकोगंजच्या सायबर कॅफेत, दहा लोकांसमोर.
आज सकाळी बाबा गेले. म्हणून आता सांगून टाकतो.

बाबा इंदूरच्या एका कापड मिलमध्ये आवक-जावक क्लार्क होते. आलेल्या प्रत्येक पत्रावर नंबर टाकायचा आणि तीन दिवसांत उत्तर धाडायचं, हे त्यांचं काम. अर्धं आयुष्य तेच केलं.

मग मिल बंद पडली. गेटवर लोकांनी दगड मारले, पोलिसांनी लाठ्या. बाबांच्या पाठीवरचा वळ आई आठवडाभर शेकत होती.

मी तेव्हा त्या कॅफेत नोकरीला होतो. पीथमपूरच्या एका नव्या कारखान्यात स्टोअर क्लार्क हवा होता. त्यांचं सगळं ई-मेलवर. मी बाबांना आयडी काढून दिला, अर्ज टाकला आणि बजावलं की रोज येऊन बघत जा.

रोज यायचे. इस्त्रीचा शर्ट घालून.

आणि बसून काय करायचे, तर जंक मेलला उत्तरं द्यायचे.

वजन घटवा. टक्कल घालवा. परदेशातली लॉटरी लागली. प्रत्येकाला दोन बोटांनी टाइप करून: रिस्पेक्टेड सर, आपले पत्र मिळाले, सध्या आवश्यकता नाही, आभारी आहे.

उत्तर गेलं की पलीकडच्याला कळतं, पत्ता चालू आहे. मग एकाचे वीस येतात. मी समजावलं, ओरडलो, हात जोडले. बाबांचं एकच, कोणी लिहिलं तर उत्तर द्यायचं. पालथ्या घड्यावर पाणी.

तेव्हाचा फुकटचा मेलबॉक्स तो केवढासा. भरून गेला.

एक दिवस चौहानजी आले. बाबांचे मिलमधले दोस्त, आता पीथमपूरच्या त्याच कारखान्यात लागलेले. मला बाजूला घेऊन म्हणाले,
"भिया, साब ने तीन बार मेल डाला, तीनों बार लौट आया. आज दूसरे को रख लिया."

बाबा तिकडे टकलाच्या औषधवाल्याला नकार कळवत होते.

माझं डोकं फिरलं. कॉलर धरून उठवलं आणि कानाखाली मारली.

बाबांनी कीबोर्ड उपटला आणि माझ्या तोंडावर हाणला. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं.

मी ढकललं. ते केबिनच्या काचेवर गेले. काच फुटली, मनगटापासून कोपरापर्यंत हात चिरला. तरी उठले, आणि त्याच हाताने माझा गळा धरला.

मालकाने आणि चौहानजींनी ओढून काढलं नसतं तर दोघांपैकी एक त्या दिवशीच गेला असता.

शेजारच्या दवाखान्यात दोघांना एकाच बाकावर बसवलं. डॉक्टर टाके घालत होते. मी विचारलं, का केलंत असं?

"थकलेल्या पैशांसाठी मिलला मी सतरा अर्ज केले रे. एकाचं पण उत्तर नाही आलं. कैसा लगता है, मुझे मालूम है."

मी तेव्हाही विरघळलो नाही. म्हटलं, तुमच्या या तत्त्वापायी घर उपाशी मरेल.

महिन्याभरात पुण्याला निघून गेलो.

बाबांची पत्रं यायची. आईची तब्येत, खजराण्याच्या गणपतीला जाऊन आलो, कोणाचं लग्न. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी एक ओळ असायची: त्या दिवशी तुला फार लागलं का रे?

मी आईला फोन करायचो. पत्राला उत्तर एकदाही लिहिलं नाही. आधी रागाने. पुढे राग गेला, लाज वाटायला लागली. मग राहूनच गेलं.

मिलने त्यांच्याशी जे केलं, तेच मी केलं.

बाबा, तुमची पत्रं मिळाली. सगळी मिळाली.

हो, फार लागलं. तुम्हाला माझ्याहून जास्त लागलं असणार. मी हात उचलायला नको होता.

उत्तराला उशीर झाला, माफ करा.

तुमच्या पायांवर डोकं ठेवून शेवटचा नमस्कार.