मागच्या सीटवरचं वजन

नमस्कार मंडळी. इथले अनुभव बरेच महिने वाचतोय, लिहितोय मात्र पहिल्यांदाच. देव मी सणासुदीपुरता मानतो आणि भूत कधीच मानलं नाही. जंगलाच्या कडेला वाढलेल्या माणसाला कोणता आवाज कशाचा हे माहीत असतं, त्यामुळे भीती वगैरे फारशी शिल्लक राहत नाही. माझी श्रद्धा म्हणाल तर एका कंपनीच्या व्हॅनवर होती... हसू नका. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण चपट्या नाकाची, सरकत्या दारांची ती पांढरी गाडी ज्यांना आठवते त्यांना कळलंच असेल.

आम्ही धानोऱ्याचे. कापडाचं दुकान, आणि आठवडी बाजारांना माल घेऊन जायचं. नव्वदच्या आसपास मी आणि दादाने – माझा मोठा भाऊ – चंद्रपूरहून एक जुनी व्हॅन आणली. लोक तिला डब्बा म्हणायचे. इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळे मे महिन्यात बूड भाजायचं. पण काय गाडी होती! मागची सीट काढली की कापडाचे गठ्ठे मावायचे, लावली की अख्खी वरात. मुरमाच्या रस्त्यावर जीपवाले अडकायचे, ही हलकी म्हणून निघून जायची. रविवारी आम्ही दोघं तिला हापशीवर न्यायचो आणि स्वतःच्या अंघोळीपेक्षा जास्त वेळ तिच्या अंघोळीला द्यायचो.

या गाडीचं एक आहे. मागे कोणी नसलं की खड्ड्यात ती मागून उड्या मारते, दारं खडखडतात. मागे माणूस बसला की खाली बसते, शांत होते. जो रोज चालवतो त्याला न बघता सांगता येतं, मागे कोणी आहे की नाही.

मी चालवत असलो की दादा मधल्या सीटवर, डाव्या दाराशी बसायचा. दार अर्धं उघडं आणि एक पाय बाहेर. माझी वैनी पुढे माझ्या बाजूला असायची. ती मान न वळवता म्हणायची, "पाय अंदर घ्या." दादा पाय आत घ्यायचा आणि दार ओढायचा. घर्रर्र... खट्.

९६ साली, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, दादा एकटाच गडचिरोलीहून माल आणायला गेला. परतीच्या रस्त्यावर, एका वळणाजवळ, गाडी कडेला उभी सापडली. चावी गाडीतच. गठ्ठे जसेच्या तसे. डावं दार उघडं. दादा नव्हता.

मोह वेचणाऱ्या बायांनी गाडी पाहिली होती, माणूस कोणीच पाहिला नव्हता. रिपोर्ट दिला. गावातली पोरं घेऊन जंगल पालथं घातलं. रक्त नाही, ओढत नेल्याची खूण नाही, चप्पल नाही. त्या काळी आमच्याकडे माणूस नाहीसा झाला की लोक आवाज खाली करून बोलत. कोणी म्हणे आतल्या लोकांनी, म्हणजे जंगलातल्या बंदूकवाल्यांनी नेलं, कोणी म्हणे वाघ. मग तेही बोलायचे थांबले.

पुढच्या वर्षांचं मला फारसं सांगता येत नाही. रडणं वगैरे झालं असेल. मला गाड्या आठवतात. ती पोलिसांकडून परत आलेली व्हॅन विकली. मग त्याच कंपनीची दुसरी घेतली – चौकोनी दिव्यांची, तोंड थोडं बदललेलं. मग त्यांनी एक उंच, लांब व्हॅन काढली, पुढे-मागे एसीवाली. लोक म्हणाले, ही चालणार नाही. नाहीच चालली. मी घेतली. शोरूममध्ये दार सरकवून पाहिलं, आवाज बदलला होता, मऊ झाला होता. एवढंच मनात आलं. आनंद वगैरे झाला नाही.

वैनी आमच्याकडेच राहिली. कपाळावर कुंकू होतं, कोणी काही म्हणत नव्हतं. शेवटी २००३ च्या हिवाळ्यात आमचे काका तिला म्हणाले, "बाई, किती वर्स असं अधांतरी ठेवशीन त्याले? त्याच्या नावानं करून टाकू." वैनी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "करा."

प्रेत नसलं की दर्भाचा पुतळा करून विधी करतात. मार्कंड्याला, वैनगंगेवर करायचं ठरलं. काका भटजींसोबत आदल्या दिवशीच पुढे गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि वैनी त्या लांब व्हॅनने निघालो. सामानाची पिशवी मी मधल्या सीटवर ठेवली, डाव्या दाराशी. मागे दुसरं काहीच नव्हतं. गाडी मागून उडत होती.

दादाची गाडी सापडली होती त्या वळणाजवळ गुरं आडवी आली. ऊन चांगलं वर आलं होतं. मी ब्रेक लावला आणि थांबलो. गुराखी नव्हता, गुरं आपली सावकाश चालली होती.

डावं दार सरकलं.

वाऱ्याने सरकत नाही ते. हँडल ओढल्याशिवाय लॅच सुटत नाही. दार पूर्ण मागपर्यंत गेलं आणि गाडी डावीकडे कलली... मग खाली बसली. सीटचा रेक्झिन दाबला जातो तो आवाज आला. मी आरशात पाहिलं. सीट रिकामी होती.

वैनी समोरच बघत होती. तिने मान वळवली नाही.

"पाय अंदर घ्या," ती म्हणाली.

दार लागलं.

मागून एसटी हॉर्न देत होती. गुरं गेली होती. मी पहिला गिअर टाकला. आणखी काय करणार होतो? भीती वाटली का, असं विचाराल. नाही. अंग बधिर होतं, दातांच्या डॉक्टरकडे इंजेक्शन दिल्यावर गाल होतो तसं. गडचिरोली मागे पडलं, मग चामोर्शी... स्पीडब्रेकर आले, खड्डे आले. गाडी एकदाही उडाली नाही.

मार्कंड्याला देवळाजवळ गाडी लावली. वैनी उतरली, स्वतः मागचं दार सरकवलं आणि बाजूला झाली. माणूस उतरायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ उभी राहिली. मला स्टिअरिंगवर बसल्या-बसल्या कळलं – गाडी वर आली. पिशवी घ्यायला मी मागे गेलो, तर ती डाव्या दाराशी नव्हती. पार उजव्या खिडकीपर्यंत सरकलेली, आणि उभीच. आतला तिळाचा डबाही कलंडला नव्हता.

विधी झाले. पुतळ्याला अग्नी मी दिला. वैनीने कुंकू स्वतः पुसलं, कोणाला हात लावू दिला नाही.

काका बसने गेले, आम्ही दोघं व्हॅनने. परतताना गाडी प्रत्येक खड्ड्यात उडत होती. चामोर्शीच्या पुढे मी विचारलं, "वैनी, तो दादाच होता का?"

तिने खिडकीची काच थोडी खाली केली.

"ते काई बोलले नाई, भाऊजी," ती म्हणाली. "मी पन काई विचारलं नाई. इतके वर्स कुठी होते, विचाराले पाह्यजे होतं का?"

मी समोरच्या खड्ड्यासाठी गिअर बदलला.

नंतर दाराचा लॅच चंद्रपूरला दाखवला. मेकॅनिक म्हणाला, "एकदम ओके हाय." वैनी आता तिच्या भावाकडे चिमूरला असते. फोनवर शेतीपाण्याचं बोलते, यावर कधीच नाही. तुमच्यापैकी कोणी म्हणेल मनाचा खेळ. असेल. मग दोघांच्या मनाचा एकच खेळ कसा, हे मला समजत नाही.

त्या रस्त्याने माझं जाणं-येणं असतंच. वळणाजवळ थांबतो, इंजिन बंद करतो, डावं दार उघडून ठेवतो. काही होत नाही. थोडा वेळ बसतो, मग उतरून मीच दार लावतो आणि निघतो.