दाजींच्या फोटोला हार

"ताई, मन्हा पुस्तकले एक स्टार पडना."

हिंमतआप्पा दुकानात येऊन उभे राहिले. हातात मोबाइल, चेहरा उतरलेला. समोर लग्नपत्रिकेचे नमुने चाळत बसलेलं एक अख्खं कुटुंब त्यांच्याकडे बघायला लागलं. मी आप्पांना खुर्ची दिली.

"वाचक शेतस आप्पा. एखाद्याले नई आवडत."

"वाचक कसाना? आमना दाजी शेतस त्या."

मी मोबाइल घेतला. पाचपैकी एक स्टार होता आणि खाली अगदी शाळेतल्या मराठीत लिहिलं होतं : 'पुस्तक वाचलेले नाही. वाचणारही नाही. ज्याला माणसांची कदर नाही, त्याच्याकडून पपईबद्दल काय शिकायचे?'

मला हसू आलं. आप्पांना आलं नाही.

शहाद्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. डीटीपी म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायचा, पानं मांडायची आणि छापायला तयार करून द्यायची. माझं बहुतेक आयुष्य लग्नपत्रिकांत गेलं. कोणाचं नाव कोणाच्या वर, कोणत्या काकांचा आडवा फोटो, कोणत्या मामांपुढे 'श्री' आणि कोणापुढे 'श्रीमान', हे मला झोपेतून उठवून विचारा. पुस्तकांचं काम मात्र अलीकडचं.

हिंमतआप्पा तापीकाठचे शेतकरी. पपई लावता लावता त्यांनी 'पपई आणि मी' नावाचं पुस्तक लिहून काढलं. प्रकाशकांनी उत्तर दिलं नाही. मग मी म्हटलं, आपणच ऑनलाइन टाकू. त्यात सोय अशी की आधी गठ्ठेच्या गठ्ठे छापून पलंगाखाली ठेवावे लागत नाहीत. कोणी मागवलं की तेव्हाच एक प्रत छापली जाते आणि पोस्टाने घरी पोहोचते. आप्पांना ते पटलं. पण त्यांची एक अट होती.

"कव्हरवर बठ्ठास्ना नावं पायजेत."

"आप्पा, ही पत्रिका नई, पुस्तक शे."

"मंग? कार्य ते कार्य शे ना?"

कव्हरवर सगळ्या नातेवाइकांची नावं टाकली असती तर पपईला जागा उरली नसती. मी मधला मार्ग काढला. पुस्तक टाकताना साइटवर लेखकाच्या खाली आणखी काही रकाने असतात. संपादक कोण, चित्रं कोणाची, प्रस्तावना कोणाची, असे. तिथे मान वाटायचा असं आमचं ठरलं. मोठे काका संपादक झाले. त्यांनी पुस्तक पाहिलंही नव्हतं. चुलत भाऊ चित्रकार झाला. पुस्तकात एकही चित्र नाही. मामांना आप्पांनी अनुवादक केलं.

"कशामाईन कशामा अनुवाद करा त्यास्नी?" मी विचारलं.

"मामा सुरतले ऱ्हातस. चाली जाई."

चाललं. पुस्तक साइटवर आलं. पहिल्याच आठवड्यात पुण्याच्या कोण्या वाचकाने विचारलं की मूळ पुस्तक कोणत्या भाषेत आहे आणि कुठे मिळेल. आप्पा खूश झाले. म्हणाले, मामाचं नाव झालं.

पण रकाने संपले आणि दाजी राहिले. दाजी म्हणजे उत्तमराव, आप्पांच्या मोठ्या बहिणीचे, शांताक्कांचे यजमान. अक्कलकुव्याला राहतात. 'दाजी घरना माणूस शेतस, त्यास्ले काय वाटाव नई,' असं आप्पांचं म्हणणं. दाजींना वाटलं. त्यांनी आधी नातेवाइकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप सोडला, मग एक स्टार दिला, आणि मग घरात जाहीर केलं की यंदा आखाजीला शांताक्का माहेरी जाणार नाहीत.

हे शेवटचं आप्पांना लागलं होतं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे सासरी गेलेली बाई, मग ती साठीची का असेना, त्या दिवशी माहेरी येते. आप्पांची आई गेल्यापासून ते माहेर आप्पांनीच टिकवलं होतं. अंगणातल्या निंबाला बहिणीसाठी दरवर्षी ते स्वतः झोका बांधतात.

"स्टारनं जाऊ द्या," आप्पा म्हणाले. "आक्का येवाले पायजे."

मी थोडा विचार केला. मग म्हटलं, "आप्पा, पुस्तकात सुरुवातीला एक पान असतं. अर्पण. तिथे फक्त एकाच माणसाचं नाव. शेजारी काका नई, मामा नई. अख्खं पान दाजींचं."

आप्पांचा चेहरा उजळला. "फोटो टाकता येई?"

"येई."

दुसऱ्या दिवशी फोटो आला. दाजी फेटा बांधून, कुठल्याशा लग्नातला. आप्पा माझ्या पाठीशी उभे राहून सूचना देऊ लागले. चौकट सोनेरी करा. कोपऱ्यांत फुलं टाका. मग म्हणाले, "हार टाका."

माझा माउसवरचा हात थांबला. "हार नको आप्पा. बरं दिसत नई."

"हार नई ते मान कसाना? दाजीस्ले मी दरवर्षी हार घालस."

गिऱ्हाईक सांगतं, आम्ही टाकतो. झेंडूचा जाड हार दाजींच्या गळ्यात नव्हे, चौकटीवरून खाली सोडला, कारण माझ्याकडे तयार असलेला हार तसाच होता. तो कोणत्या कामासाठी तयार ठेवलेला होता, हे चाणाक्ष वाचकांना सांगायला नको. खाली लिहिलं : 'ज्यांच्या आशीर्वादाने इथवर आलो, त्या उत्तमराव दाजींना सादर अर्पण.' पान फार देखणं झालं. साइटवर पाठवलं. साइटवाले तपासतात आणि मग नवी आवृत्ती दिसू लागते. दिसली.

पुस्तक विकत न घेता त्याची पहिली काही पानं साइटवर फुकट बघता येतात. आप्पांनी त्यातून अर्पणाच्या पानाचा फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. सोबत काहीच लिहिलं नाही. पानच बोलेल, असं त्यांना वाटलं.

पान बोललं. ग्रुपवर जोडलेल्या हातांची रांग लागली. आप्पांना वाटलं, दाजींना नमस्कार चाललेत. त्यांनीही जोडलेले हात टाकले. दाजी ग्रुपवर असते तर एका शब्दात मिटलं असतं. पण दाजींनी ग्रुप सोडलेला.

सकाळी शांताक्कांचा फोन आला. तेव्हा आप्पा दुकानातच होते. त्यांनी स्पीकर लावला.

"हिंमत, दारवर लोके येई ऱ्हायनात रे."

दारावर येणं म्हणजे घरात मयत झाल्यावर भेटायला येणं. आप्पा घाबरले. "कोण गया व आक्का?"

"तेच मी इचारी ऱ्हायनू. लोके म्हणतस, तुन्हा दाजी."

"आनि दाजी?"

"ओट्यावर बसीसन सुपारी कातरी ऱ्हायनात."

आप्पा माझ्याकडे वळले. "ताई, ते पान काढा."

मी पान काढलं आणि पाठवलं. पण साइटवाल्यांची तपासणी होईपर्यंत जुनंच पान दिसणार होतं. दाजी तोवर ऑनलाइन गेलेलेच राहणार होते. आम्ही आप्पांच्या गाडीने अक्कलकुव्याला निघालो. मी का गेले, असं विचाराल तर मला बघायचं होतं.

गल्लीच्या तोंडाशी भाड्याची काळी-पिवळी जीप उभी होती. त्यातून उतरलेल्या बायकांनी रीतीप्रमाणे तिथूनच गळा काढला, घरापर्यंत आल्या आणि ओट्यावरच्या दाजींना बघून अर्ध्या सुरात थांबल्या. एवढ्या लांबून आलेलं माणूस लगेच परत कसं जाणार? त्या बसल्या. पुरुषमंडळी आधीच सतरंजीवर डोकी खाली घालून बसली होती. शांताक्कांची पंचाईत वेगळीच. अशा घरी चुलीवर चहा ठेवत नाहीत. इथे ज्यांच्यासाठी लोक जमले, तेच तिसऱ्यांदा चहा मागत होते.

आप्पांनी दाजींच्या पायांवर डोकं ठेवलं. दाजींनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. "बठ," एवढंच म्हणाले. त्यांचं लक्ष गल्लीकडे होतं.

कारण गल्लीतून भिकादादा येत होते. भिकादादा दाजींच्या शेजारच्या शेताचे मालक. त्यांचा आणि दाजींचा बांधावरून इतका जुना वाद की दोघे एकमेकांच्या सावलीतून जात नसत. डोळ्यांना रुमाल लावून ते मोठ्याने बोलत आले, "उत्तमभाऊ, सोनाना माणूस व्हतास तू. बांध मीच सरकावा रे. तोंडवर कधी म्हनता उनं नई."

रुमाल खाली आला तेव्हा उत्तमभाऊ समोर होते.

दाजींनी सुपारीचं खांड भिकादादांपुढे धरलं.

"आयकं मी," ते म्हणाले. "बठ. चहा ले."

भिकादादांनी सुपारी घेतली. काय करणार? साक्षीला अख्खी गल्ली होती.

चहा झाल्यावर दाजींनी आप्पांकडे मान वळवली. "हिंमत, ते पान कोठे शे?"

"काढं दाजी. ताईंनी काढं."

"कसाले काढं? जन्मभर लोके मन्हा मागे काय बोलतस, माले माहीत नव्हतं. आज समदं आयकं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "परत टाका. खाले फक्त लिखा, हयात शेतस."

मी परत टाकलं. हार काढू का, असं विचारलं, तर म्हणाले राहू द्या. 'पपई आणि मी' कोणी उघडलं तर पहिल्याच पानावर झेंडूच्या हारात दाजी दिसतात आणि खाली कंसात 'हयात आहेत' असं लिहिलेलं आहे.

आखाजीला शांताक्का आल्या, आणि या वेळी सोबत दाजीही आले. आप्पांनी मलाही जेवायला बोलावलं होतं. निंबाखाली आक्का झोक्यावर बसल्या होत्या आणि दाजी खाटेवर बसून आल्यागेल्याला मोबाइलवर ते पान दाखवत होते. त्यांनी आपला अभिप्रायही बदलला आहे. आता चार स्टार आहेत. पाचवा का नाही, ते तिथेच लिहिलंय : 'फोटो जुना वापरला आहे.'

तेव्हापासून अर्पणासाठी कोणी फोटो घेऊन आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : आहेत, की गेले? काही लोक रागावतात. रागावू देत. दारावर जायचं भाडं त्यांना नाही, त्यांच्या नातेवाइकांना भरावं लागतं.