बिघाडसर

चालत्या गाडीला खीळ घालणे हाच आमच्या साडूंचा पेशा. ते इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात आणि मुलं त्यांना पाठीमागे 'बिघाडसर' म्हणतात. त्यांच्या लॅबमध्ये जेवणाच्या टेबलाएवढा एक कारखाना आहे. एका टोकाला रिकामी बाटली ठेवली की ती पट्ट्यावरून सरकते, भरते, झाकण लावून घेते आणि दुसऱ्या टोकाच्या खोक्यात जाऊन बसते. मध्ये कुणी हात लावायचा नाही. मुलं गटागटानं हा कारखाना सुट्या भागांतून स्वतः जोडतात, त्याचा प्रोग्रॅम लिहितात, एकमेकांच्या उरावर बसतात आणि निम्म्या बाटल्या जमिनीवर ओततात. "भांडल्याशिवाय जोडणी येत नाही," हे साडूंचं शिक्षणशास्त्र.

परीक्षा मात्र एकेकट्याची. सरांनी आत जाऊन या कारखान्याच्या लाइनमध्ये एक बिघाड घालून यायचा, कुठे वायर सैल, कुठे सेन्सर तिरका, आणि विद्यार्थ्यानं अर्ध्या तासात तो शोधायचा.

त्या दिवशी सर्वांत शेवटी आली ती मागच्या वर्षी इथेच नापास झालेली मुलगी. नोकरी ठरलेली, पण पास झाली तर. बाहेरच्या कॉलेजातून आलेल्या परीक्षक बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. "कोणी बोलायचं नाही," त्यांनी बजावलं. "खोकला आला तर बाहेर जाऊन खोका."

मुलीनं बटण दाबलं. बाटली निघाली, भरली, झाकण लागलं, खोक्यात बसली. दुसरीही बसली. तिसरीही.

वा, काय बेमालूम बिघाड घातलाय मी, असं साडूंना वाटलं. मग ते आठवू लागले. घातलाय कुठे? आत गेलो, पट्टा पुसला, बाईंनी दारातून चहाचं विचारलं, हो म्हणालो आणि... बाहेर आलो.

आता सांगावं तर परीक्षाच बाद व्हायची, न सांगावं तर पोरगी बुडायची. ती बिचारी एकेक वायर चाचपत होती. घाम दोघांनाही फुटला होता. 'म्हण बाई, बिघाड नाही म्हण,' साडू मनातल्या मनात विनवत होते. पण ती कसली म्हणतेय! बिघाडसरांच्या परीक्षेत बिघाड नाही म्हणणं म्हणजे वाघाच्या गुहेत बसून वाघ नाही म्हणणं. शेवटी तिनं स्क्रू ड्रायव्हर उचलला आणि एका ठणठणीत सेन्सरला लावला.

"अगं, थांब!" साडू ओरडले.

"सर!" परीक्षक बाई कडाडल्या.

"मॅडम, बिघाड नाहीच आहे. मी घालायचा विसरलो."

पट्टा मात्र निर्लज्जासारखा चालूच होता.

"विसरलात?"

"ते... चहाचं विचारलंत ना तुम्ही..."

"म्हणजे चूक माझ्या चहाची?"

"मला वाटतच होतं, काही नाहीये म्हणून!" मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात, कोणी बोलायचं नाही."

बाईंनी घड्याळ बघितलं. मग म्हणाल्या, "वेळ पुन्हा पहिल्यापासून. चल गं, आपण बाहेर थांबू. सर, या खेपेला आठवणीनं घाला."

साडू आत एकटे उरले. सोपा घालावा तर बाई ओळखणार, अवघड घालावा तर मुलीचा गळा आपल्याच हातानं कापायचा. इतर कुणाला घातला असता तोच त्यांनी घातला. झाकणाजवळचा सेन्सर बोटभर सरकवला. इतकी वर्षं एका हाताचं काम होतं; आज दोन्ही हात लागले.

मुलगी आली. पहिलीच बाटली बोडकी पुढे गेली. साडूंचा जीव भांड्यात पडला आणि तिथून लगेच उडाला, कारण मुलगी नुसती बघत उभी होती. दुसरी बाटली बोडकी गेली. तिसरीबरोबर ती वाकून चालत गेली, झाकणापाशी थांबली, सेन्सर मागे सरकवला आणि आवळला. चौथीला झाकण लागलं.

"सेन्सर सरकला होता," ती म्हणाली. परीक्षक बाईंनी मान हलवून पेन उघडलं.

मुलीची नजर मात्र लाइनवरून हटेना. "सर, एवढाच ना? की आणखी काही?"

"एवढाच," साडू म्हणाले. मग त्यांचा चेहरा पडला. "थांब हं. बघून येतो."